सुटं टोक

अक्कलकोट रोड, एमआयडीसी. इराबत्ती टेरी टॉवेल्स.
मागांच्या शेडच्या पोटात काढलेली काचेची एक खोली.
कॉम्प्युटर नऊ, कॅमेरे सहा,
एक प्रिंटर, जो कुणाच्याच बापाचं ऐकत नाही,
आणि एप्रिल.

शेठ म्हणाले, आठ पोर्टांचा येतो ना, बाराशेचा?
दोन आण, एकमेकांना जोडून टाक.
म्हटलं, आधीच्यानं तेच केलंय, चार वेळा,
एकाच्या शेपटीला दुसरा.
नेट रोज संध्याकाळी पडतं म्हणता ना?
रोज नाही, शेठ म्हणाले. सुट्टीच्या दिवशी नाही पडत.
मी ते वहीत लिहिलं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

चोवीस पोर्टांचा. सतरा आत्ता भरतील, सात उद्यासाठी.
कॅमेऱ्यांना त्याच वायरीतून वीज देणारा.
आणि बिनपंख्याचा.
पंखा नको? ह्या सोलापुरात?
मी कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचं झाकण काढलं:
आत कापसाची गादी.
पंखा रात्रंदिवस तूस गिळत बसलेला,
बाळाची उशी भरेल इतका.
शेठनी तो चिमटीत धरून चोळला,
सुताचा काउंट बघावा तसा.
बरं, म्हणाले. बिनपंख्याचा.

भाव ऐकून मात्र पुतण्याशी तेलुगूत बोलले.
समोरचीला तेलुगू येत नाही
असं सोलापुरात धरून चालू नये.
मी चहा संपवला आणि पाचशे कमी केले.

रात्रपाळीच्या खडखडाटात डबा बसवला.
आधी पासवर्ड. कंपनीचा मूळचा ठेवणं म्हणजे
किल्ली कुलपालाच टांगून गावाला जाणं.
मग वाटण्या. हिशेबाची तीन यंत्रं एका घरात,
कॅमेरे वेगळे,
पाहुण्यांचा वायफाय ओसरीवर: पाणी प्या, बसा, आत यायचं नाही.
वीट न लावता भिंती.
पोर्टांना नावं दिली. पाच, गोदाम. सात, शेठ.
अकरा, प्रिंटर, देवाला सोडलेला.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम थांबले.
साडेपाचला हिशेबाच्या पद्मजाने लॅपटॉपची वायर उपसली,
टोक तसंच लोंबत सोडलं, स्कूटीवर गेली.
पावणेसहाला नरसय्या आले, झाडू घेऊन.
चाळीस वर्षं जॉबर, आता डोळ्यांमुळे इथं.
टेबल पुसलं, फरशी काढली,
मग ते टोक उचललं, सदऱ्याला पुसलं
आणि डब्यातल्या रिकाम्या भोकात बसवलं.
टिक.

एवढंच होतं.
वायर डब्यातून निघून डब्यातच शिरली,
की एक निरोप त्याच गल्लीत फिरत राहतो,
स्वतःलाच भेटतो, हजार होतो,
बाकी कुणाला वाट उरत नाही.
आणि सकाळी पद्मजा येऊन ती उपसते.

काका, हे का लावता?
सुटं टोक दिसलं की हात जातोच, मॅडम.
तुटलेला धागा तसाच सोडला
तर टॉवेलभर चीर दिसते.

यावर काय बोलणार? त्यांच्या मागावर ते खरंच होतं.
लावू नका, असं मी म्हटलंच नाही.
सेटिंगमध्ये शिरून एक खूण केली:
आपलाच आवाज परत ऐकू आला
तर त्या पोर्टानं गप्प बसावं, बाकीच्यांनी चालू राहावं.

आता घरी बसून मी कधी कधी नोंदी बघते.
पोर्ट एकोणीस, बंद. ५:५२.
पोर्ट एकोणीस, बंद. ५:४९.
रोज एक ओळ, देवापुढच्या दिव्यासारखी वेळेवर.

मागच्या बुधवारी ओळ नव्हती.
गुरुवारीही नव्हती.
शुक्रवारी फोन केला, म्हटलं, सहज, स्विच कसा चाललाय?
पद्मजा म्हणाली, एकदम मस्त.
आणि नरसय्याकाका?
ते होय, नातीच्या लग्नाला सिरसिल्ल्याला गेलेत.

सोमवारी, ५:५४.
थोडा उशीर झाला असेल,
सगळ्यांना लाडू वाटता वाटता.